ज्याचा टॅग, त्यानं काढावा

माझ्या बायकोच्या मोठ्या मामांपेक्षा सावध माणूस या जगात दुसरा असलाच, तर तो अजून घराबाहेर पडलेला नाही. भिलाईत 'प्लांट' म्हटलं की कोणता असं विचारायची पद्धत नाही. त्या प्लांटच्या इलेक्ट्रिकल खात्यात मामाजींनी छत्तीस वर्षं काढली. निरोपसमारंभात तीन साहेबांनी भाषणं केली, त्यांतल्या दोघांनी मामाजींचं नाव चुकीचं घेतलं आणि तिसऱ्यांनी घेतलंच नाही. इतर लोक अशा वेळी शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात, मामाजी नियम घेऊन आले. शाल त्यांनी आठवडाभरात कुणाला तरी देऊन टाकली. नियम मात्र स्मृति नगरच्या त्या तीन खोल्यांत असे नांदू लागले, की मामीजींना मिक्सरचं भांडं बसवतानासुद्धा परवाना लागायचा. आधी मामाजी प्लग काढणार, मग प्लगला पत्र्याचा एक लाल टॅग अडकवणार, आणि त्यावर खडूनं काम करणाऱ्याचं नाव लिहिणार. ज्याचं नाव, त्यानंच काम संपल्यावर टॅग काढायचा. दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही, मग तो दुसरा कुणी साक्षात टॅग लिहिणारा का असेना. एकदा मामीजी मिक्सर उघडा ठेवून दुर्गला हळदीकुंकवाला गेल्या आणि पावसामुळे दोन दिवस तिथंच अडकल्या. मामाजींनी दोन दिवस चटणीशिवाय भाकरी खाल्ली. मी म्हणालो, "मामाजी, टॅग काढून वाटायची ना चटणी." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शेजाऱ्याच्या घरी चोरी करायला सुचवलं होतं. "टॅग त्यायच्या नावाचा होता," ते म्हणाले.

दुसरी सवय याहून छळवादी. मामाजींना काहीही सांगा, ते म्हणणार, "पुन्हा सांगा." चहा घेणार का, पुन्हा सांगा. गाडी किती वाजता, पुन्हा सांगा. नातेवाइकांत त्यांना बहिरे समजतात आणि लग्नकार्यात त्यांच्या कानाशी ओरडून बोलतात. खरं म्हणजे शेजारच्या घरातला नळ ठिबकत असला तर तो त्यांना आपल्या बैठकीत ऐकू येतो. ते बहिरे नाहीत. एकदा ऐकलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही, एवढंच. माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी मला विचारलं, काय करता? मी म्हणालो, कॉलेजात इतिहास शिकवतो. "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. "एकदा अजून." तिसऱ्यांदा सांगेपर्यंत, हा माणसानं करण्यासारखा उद्योग आहे का, अशी शंका माझी मलाच येऊ लागली होती. तिचं समाधान आजतागायत झालेलं नाही.

अशा माणसाकडे एक गाडी होती. कागदपत्रांनुसार ती पांढरी होती. दिवाळीत तिला पंधरा वर्षं पूर्ण व्हायची होती, म्हणजे आरटीओत नेऊन तिचं पुन्हा पासिंग करून घ्यायला हवं होतं. मामाजींचा मुलगा हैदराबादला असतो. त्यानं फोनवर शेवटचं सांगून टाकलं होतं, की पासिंग झालं तर ठेवा, नाही तर भंगारात द्या, मी नवी पाठवतो. नवीला मामाजींचा विरोध नव्हता. पण मामीजींचे गुडघे नव्या गाडीत मावत नव्हते. ऑटोत चढायला त्यांचा पाय वर जात नाही, आणि मुलाच्या गाडीत बसलं की उठता येत नाही. या जुन्या गाडीत मात्र मामाजींनी पुढच्या सीटखाली लाकडी फळ्या घालून ती बरोबर मामीजींच्या उंचीला आणली होती आणि दारावर कन्व्हेयर बेल्टच्या पट्टीचा एक फास बसवला होता, तो धरून मामीजी एका झटक्यात आत जात. दर गुरुवारी त्या दुर्गला अक्कांकडे जात. अक्का म्हणजे मामाजींची थोरली बहीण. आठवड्यातलं मामीजींचं तेवढंच बाहेर जाणं. गाडी गेली तर गुरुवारही जाणार होता. हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण मामीजी हल्ली मामाजींच्या पुढ्यात चहा ठेवताना सहज विचारल्यासारखं विचारत, "होते ना पासिंग?"

आणि गाडीची अवस्था अशी, की हॉर्न दाबला तर वायपर हलायचा. उजवा इंडिकेटर दिला की रेडिओ खाकरायचा. डावा दिला की काहीच व्हायचं नाही, पण दोन चौक पुढे गेल्यावर आपोआप काहीतरी टिकटिकू लागायचं. मला यातलं काही कळत नव्हतं आणि मामाजींना ते मला समजावून सांगायची इच्छा होती, हे माझं दुर्दैव. एका रविवारी त्यांनी मला जुनवानीच्या माझ्या घरून बोलावून घेतलं, हातात टॉर्च दिला आणि स्टीअरिंगच्या खाली डोकं घालून फ्यूजची पेटी उघडली. गाडीचा फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढा रंगीत प्लास्टिकचा तुकडा, पोटात एक नाजूक तार. करंट जास्त झाला की ती वितळते आणि पुढचं सगळं वाचतं. "फ्यूज मरते म्हणून गाडी जगते," मामाजींनी खालूनच सांगितलं. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं शॉक बसला. तसा तो बसलाच होता, पण विजेचा नव्हे. पेटीतले अर्धे फ्यूज कधीचे जळून काळे पडले होते, आणि कुण्या मेकॅनिकनं त्यांना तांब्याच्या तारेचे वेढे देऊन पुन्हा कामाला जुंपलं होतं. एकाला चक्क सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. मामाजींनी तो फ्यूज दोन बोटांत धरून मला दाखवला. "हा फ्यूज नाई, जावईबापू. ही सुपारी हाय. कोनीतरी आमची सुपारी देली होती."

तेव्हा सगळे फ्यूज बदलायचे ठरले. अडचण एवढीच, की कोणता कशाचा आणि कितीचा, हे पेटीच्या झाकणावर छापलेलं असतं आणि ते झाकणावरून केव्हाच पुसून गेलं होतं. मग एकेक फ्यूज उपटायचा, काय बंद पडतं ते पाहायचं, असा शोध सुरू झाला. मामाजी आत, मी बाहेर. ते ओरडत, "काय गेलं?" मी ओरडे, "काही नाही." "पुन्हा सांगा." मी गाडीभोवती दुसरी प्रदक्षिणा घाली. मी आकडे लिहून ठेवू म्हणालो, तर त्यांनी ते मोडीत काढलं. "नंबर विसरते मानूस. नातेवाईक नाई विसरत." आणि त्यांनी प्रत्येक फ्यूजला घरातल्या माणसाचं नाव दिलं. वायपरचा फ्यूज अक्का, कारण अक्का प्रत्येक लग्नात पाठवणीच्या अर्धा तास आधीपासून डोळे पुसायला लागतात. हॉर्न म्हणजे नागपूरचे भाऊजी. हेडलाइटच्या दोन दिव्यांना दोन वेगळे फ्यूज, त्या एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा. मागच्या दिव्याचा फ्यूज धाकटा भाऊ, सदा माघार घेणारा. शेवटी एक फ्यूज असा उरला, की तो काढला तरी काही बंद पडेना आणि घातला तरी काही सुरू होईना. मामाजींनी तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "हे तुमी," ते म्हणाले. मी विरोध केला नाही. कॉलेजात वीस वर्षं काढल्यावर ही ओळख मला अपरिचित नव्हती.

या नामकरणाचा परिणाम पुढच्या बुधवारी दिसला. मी आंघोळीला गेलो असताना मामाजींचा फोन आला. बायकोनं उचलला. मामाजींनी घाईनं सांगितलं, "सकाळी अक्का जळाली. भाऊजी पन ढिले पडून राहिले. जावईबापूले म्हना, येताना नवीन घेऊन या." फोन बंद. मी बाहेर आलो तर बायको मावशीच्या, म्हणजे अक्कांच्या, नावानं रडत होती. दोन मिनिटं तिला काय झालं ते मला कळेना, आणि मला ते कळल्यावर मी हसलो तेव्हा मला काय झालं ते तिला कळेना. शेवटी तिनं दुर्गला फोन लावला तर तो खुद्द अक्कांनीच उचलला. बायको म्हणाली, "मावशी, तू आहेस?" अक्का म्हणाल्या, "म्हंजे? कावून? कोन काय म्हटलं?" आणि तिथून पुढे त्याही रडायला लागल्या. वायपरला त्यांचं नाव ठेवण्यात मामाजींची चूक नव्हती.

पासिंगची तारीख सोमवारची मिळाली, सकाळी अकरा. शनिवारी फक्त एकाच फ्यूजची जागा रिकामी राहिली होती. त्या मापाचा मिळाला नव्हता. काम अर्धवट म्हणून मामाजींनी मला दहाचा पाना देऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायला लावली, टॅग अडकवला आणि खडूनं त्यावर माझं नाव लिहिलं. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि तरी मी ते साफ विसरलो. रविवारी मामाजींनी सिविक सेंटरच्या बाजारातून फ्यूज आणून बसवला. मी मात्र तेव्हा राजनांदगावला होतो, सोमवारच्या तोंडी परीक्षांचा परीक्षक म्हणून.

सोमवारी सकाळी साडेआठला फोन आला. "जावईबापू, टॅग तुमच्या नावाचा हाय."

"मग काढून टाका ना, मामाजी."

"पुन्हा सांगा."

"काढून टाका म्हणतो! वायर लावा आणि जा. मी सांगतोय ना!"

"फोनवर टॅग नाई निघत," ते म्हणाले.

"अहो, माझंच नाव आहे, मीच परवानगी देतोय—"

"फोनवर नाई निघत म्हटलं ना!" मामाजींचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मग मामीजींनी फोन घेतला. त्या हळू बोलत होत्या. "जावईबापू, मी काढू म्हटलं त हे पोर्चमंदी खुर्ची टाकून गाडीच्या समोर बसून गेले. कोनाले हात लावू देऊन नाई राहिले. आज नाई झालं त गाडी जाते. तुमीच या बापा."

परीक्षकाचं काम एका सहकाऱ्याच्या गळ्यात घालून मी स्टेशन गाठलं. मिळाली त्या गाडीत दाराशी उभा राहून दुर्गपर्यंत आलो आणि सबंध वाटेत एकच विचार करत राहिलो, की मामाजींच्या पुढ्यात उभ्या असलेल्या गाडीवरून एक पत्रा काढण्यासाठी शहाण्या माणसानं तीस किलोमीटर का यावं. दुर्गहून ऑटो केला. सव्वादहाला पोहोचलो तेव्हा मामाजी खरोखरच खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, कागदपत्रांची पिशवी मांडीवर. मामीजी दाराच्या चौकटीला धरून उभ्या. मामाजींनी उठून बॉनेट उघडलं आणि बाजूला झाले. मी रागाच्या भरात टॅग ओढून काढला. तेव्हा तो हातात पालथा झाला. पुढच्या बाजूला खडूनं माझं नाव होतं. मागं लाल रंगावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, कधीच पुसला जाणार नाही असा, एकच शब्द होता: बिसाहू.

"हे कोण?" मी विचारलं.

"आधी पासिंग," मामाजी म्हणाले.

आरटीओच्या मैदानात आमच्यापुढे नऊ गाड्या होत्या. बंद केली तर पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नसल्यानं मामाजींनी इंजिन चालूच ठेवलं. ऊन काचेतून मांडीवर आलं होतं. चार गाड्या पुढे सरकल्यावर त्यांनी समोर पाहत, मी पुन्हा काही विचारलेलं नसताना, सांगायला सुरुवात केली.

"नवा होतो मी. गोंदियाहून आलतो. इथली बोली एक शब्द नाई समजे. बिसाहू माह्याहून मोठा, जुना लाइनमन. तो खाली केबलवर काम करून राहिला होता, मी वर पॅनलवर. त्यानं टॅग लावला होता सोताच्या नावाचा. बारा वाजता खालून फोन आला. प्लांटमंदी आवाज कसा असते, तुमाले मालूम नाई. बिसाहू म्हने, 'लाइन झन देबे.' झन म्हंजे नको. लाइन देऊ नको, करंट सोडू नको. हे इथल्या लेकरालेबी समजते. मले वाटलं, झणी. शाळेत कवितेत होतं ना आपल्या, झणी म्हंजे लवकर. पाठांतरात पयला नंबर होता माहा. मी म्हटलं, लवकर दे म्हनून राहिला. टॅग काढला न् लाइन देली."

समोरची गाडी पुढे गेली. मामाजींनी आमची तेवढीच पुढे घेतली.

"उजव्या हाताची दोन बोटं," ते म्हणाले. "जीव वाचला. दवाखान्यात मले म्हने, 'तोर गलती नइ हे, भाखा के गलती आय.' भाखा म्हंजे भाषा. रिटायर होऊन गावी गेला, तवा टॅग मलेच देऊन गेला."

अशा वेळी शिकलेला माणूस गप्प राहण्याऐवजी माहिती देतो. मी म्हणालो, की मामाजी, आपल्या संतांच्या जुन्या मराठीत 'झणे' असा शब्द होता. त्याचा अर्थही 'नको', 'असं करू नको हं' असाच होता. आपण तो विसरलो. यांच्या छत्तीसगडीत राहिला.

"पुन्हा सांगा," मामाजी म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी स्टीअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"म्हंजे," ते म्हणाले, "शब्द आपलाच होता."

ही माहिती मी द्यायला नको होती, हे मला तेव्हा कळलं. मी काहीतरी सारवासारव करणार, एवढ्यात बॉनेटखाली घरघर सुरू झाली. मी दचकलो. मामाजींनी मान वाकडी करून ऐकलं. मीटरमधला तापलेल्या इंजिनाचा काटा वर गेला होता तो थांबला, मग हळूहळू खाली येऊ लागला. रेडिएटरचा पंखा! गाडी थंड असताना तो फिरत नाही, म्हणून त्याचा फ्यूज कोणता हे आम्हाला सापडलंच नव्हतं. मामाजींनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे ओले होते, पण चेहरा पार इलेक्ट्रिकल खात्याचा झाला होता. "जावईबापू," ते म्हणाले, "हे तर तुमी निघाले! तुमच्याच भरोशावर इंजिन वाचून राहिलं." माझ्या आयुष्यात माझ्या उपयुक्ततेबद्दल कुणी काढलेले हे एकमेव उद्गार आहेत, आणि ते फ्यूजबद्दल होते.

तपासणारा गृहस्थ शांत होता. त्यानं हॉर्न म्हटलं, मामाजी पुटपुटले "भाऊजी," आणि हॉर्न वाजला, नुसता हॉर्न. वायपर म्हटलं, "अक्का," वायपर फिरला. दोन्ही जावा एकदम उजळल्या, बहुधा पहिल्यांदाच. "अंकल, किससे बात कर रहे हैं?" त्यानं विचारलं. मामाजी म्हणाले, "फिर से बोलिए." तो पुन्हा बोलला नाही. त्यानं कागदावर सही केली. घरी आल्यावर मामीजींनी कागद पाहिला नाही, आमचे चेहरेही पाहिले नाहीत. फास धरून एका झटक्यात गाडीत जाऊन बसल्या. सोमवार होता, तरी आम्ही त्यांना दुर्गला नेऊन आणलं.

त्यानंतरचे बरेच गुरुवार नीट गेले. मग या वर्षी मुलानं ठरवलं, की आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन हैदराबादला करायचं, आणि नंतर काही महिने दोघांनी तिथंच राहायचं. काही महिने म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर पुन्हा सांगा म्हणायची माझी तयारी नव्हती. निघण्याच्या आदल्या दिवशी मामाजींनी गाडी माझ्या जुनवानीच्या घरी आणून लावली, स्वतः बॅटरीची वायर सोडली आणि टॅग अडकवला. खडूनं त्यावर आपलं नाव लिहिलं, सावकाश, शाळेच्या फळ्यावर लिहितात तसं वळणदार. चावी माझ्या हातात दिली. चावी असून काही उपयोग नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आमच्या पोर्चवर तिरका पाऊस येतो. बॉनेटच्या फटीतून ओल आत जाते आणि दर पंधरा दिवसांनी खडू पुसट होतो. मी कॉलेजातून एक खडू आणून ठेवला आहे. बॉनेट उघडून नाव पुन्हा गिरवतो, त्यांच्याच वळणात. बायको म्हणते, कोण बघतं आहे? मी खडू झटकून बॉनेट लावतो. दर रविवारी फोन येतो. मामीजी आता काठीशिवाय गॅलरीपर्यंत जातात. मामाजी एवढंच विचारतात, "टॅग हाय?" मी म्हणतो, आहे. ते म्हणतात, "पुन्हा सांगा."

मागच्या रविवारी मी म्हणालो, "मामाजी, गाडी फार दिवस उभी आहे. बॅटरी कायमची बसेल. एकदा टॅग काढून सुरू करून बघू का?"

पलीकडे हैदराबादची रहदारी ऐकू येत होती. मग त्यांनी एकच शब्द उच्चारला. तो मला स्वच्छ ऐकू आला होता. तरी मी फोन कानाशी घट्ट धरला आणि म्हणालो, "पुन्हा सांगा."

"झन," मामाजी म्हणाले.